अर्धा तास आधी

अडलेलं रक्त पुन्हा वाहू लागलं की माणूस वाचतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रज्ञाला एकवीस वर्षं पगार मिळत होता तो हा समज अर्धवट असल्याबद्दल. दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत ती उंदराच्या पायाचं रक्त अडवायची, सोडायची, आणि ते परतताना लाल पेशी कशा कडक होऊन फुटतात ते मोजायची. आमसुलाचा अर्क दिलेल्या उंदरांच्या पेशी मात्र शाबूत राहायच्या. यावर तिचे चार शोधनिबंध होते आणि एक शाल.

मंगळवारी तिचा नवरा राजवर्धन मंत्रालयात फाइलवर सही करता करता कोसळला. दुपारी हॉस्पिटलात हृदयाची रक्तवाहिनी मोकळी करून डॉक्टर बाहेर आले. "मॅडम, ब्लॉक खुल गया. फ्लो बिल्कुल बढ़िया." बाकावरच्या अनोळखी माणसांनीसुद्धा अभिनंदन केलं.  पुढचं प्रज्ञाला पाठ होतं.

संध्याकाळी सावंतवाडीहून थोरली नणंद विजयमाला पोचली. "अगं, ते तुझं औषध दे की त्याला."

"ते आधी द्यावं लागतं, ताई."

"आधी म्हणजे?"

"रक्त अडायच्या अर्धा तास आधी."

"आणि ते कळणार कसं?"

"उंदराचं आम्हीच अडवतो ना."

इतका साधा प्रश्न एकवीस वर्षांत एकाही समितीने विचारला नव्हता.

बुधवारी सकाळी राजवर्धन गेला. रक्तप्रवाह शेवटपर्यंत उत्तम होता, अशी कागदावर नोंद आहे.

तिसऱ्या दिवशी विजयमाला म्हणाली, "दर मे महिन्यात आमसुलं पाठवायचे मी त्याला. सोलकढी पीत होता ना रोज?"

प्रयोगशाळेत आमसुलं घ्यायची तर तीन दुकानांची कोटेशनं लागत. करोल बागेत मोटारीचा कुठलाही भाग मिळतो; आमसूल म्हटलं की दुकानदार म्हणायचे, "अच्छा, इमली?" तेव्हा ताईंकडून आलेला घरचाच आमसुलांचा डबा प्रयोगशाळेत जायचा. "उंदरांचं झालं की आमचंही बघ, यार," राजवर्धन म्हणायचा. उरायचं नाही. वाटीभर सोलकढीने तो वाचला नसता, हे प्रज्ञाला ठाऊक होतं. तिनेच तसं एका निबंधात लिहिलं होतं, संदर्भांसह.

"हो," ती म्हणाली. "रोज."

"आवडायची?"

"आंबट झाली की कुरकुरायचे."

विजयमालाने डोळे पुसले. प्रज्ञाला मग थांबता येईना. लसूण किती, मिरची किती, कुठल्या पेल्यातून, सगळं सांगत राहिली.