मिस्त्रींचा व्हरांडा

मिस्त्री शिडीवरून पडले आणि तळ्याकाठच्या घराला बरे दिवस आले, असं त्यांची बायको पुढे हसत हसत सांगायची. पडले त्या दिवशी मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पायाचं हाड मोडलं, प्लास्टर चढलं, आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही अशी डॉक्टरांनी तंबी दिली.

खरं तर ते मिस्त्री नव्हतेच. जन्मभर त्यांनी चष्म्याचं दुकान चालवलं. पण हे जुनं घर घेतल्यापासून प्रत्येक सुट्टीत त्यांची ठोकाठोक चालायची, म्हणून घरच्यांनी हे नाव पाडलं. हौस दांडगी, पण दम नाही. एक काम हातात, दुसरं डोक्यात. त्यामुळे जिन्याची एक पायरी दुसरीशी जुळत नव्हती, आणि पाण्याच्या बाजूचा व्हरांडा तर इतका कलला होता की लिंबू ठेवलं तर ते घरंगळत थेट तळ्याची वाट धरी.

त्यांना बघायला थोरली बहीण आली. बायको तिला वन्सं म्हणायची आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिच्यापुढे जरा बिचकूनच असायची. वन्सं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होत्या. बोलणं मोजकं, नजर धारदार. चहा घेता घेता त्यांनी व्हरांड्याची एक फळी टाचेनं दाबून पाहिली. ती भिजल्या पुठ्ठ्यासारखी दबली.

"हे कोण दुरुस्त करणार?"

"हेच. पाय बरा झाला की."

"म्हणजे दुसराही मोडायचा बेत आहे," वन्सं म्हणाल्या. "तू शिवणकाम करतेस ना? माणसांची मापं घेतेस, तशी फळ्यांची घे. उद्या सकाळी सुरुवात करू."

सकाळी मिस्त्रींना झाडाखाली खुर्चीत बसवलं, पायाखाली स्टूल दिलं, आणि दोघी कामाला लागल्या. बायको शिवणाच्या खडूनं खुणा करी. वन्सं वर न बघता नुसता हात पुढे करत आणि म्हणत, "पक्कड." पक्कड हातात पडली की, "हातोडा." दुपारपर्यंत बायको न सांगताच पुढचं हत्यार तयार ठेवू लागली. वन्सं एवढंच म्हणाल्या, "तुला थिएटरमध्ये घेतली असती."

झाडाखालून सूचनांचा रतीब चालूच होता. "अगं, आधी कडेची फळी काढ. ताई, तो खिळा वाकवू नकोस."

कडेची फळी निघाली आणि कलण्याचं कारण कळलं. खालची तुळई तळ्याकडच्या टोकाला कुजली होती, आणि तिच्या खाली टेकू म्हणून लाकडाचे तुकडे एकावर एक रचले होते. एका तुकड्याला पितळी मूठ होती. बायकोनं तो बाहेर ओढला आणि बघतच राहिली. शहरातल्या घरच्या स्वयंपाकघरातलं कपाट रंगवायला काढलं होतं, तेव्हा त्याचं एक दार गायब झालं होतं. ते हे. त्यापायी तिनं रंगाऱ्याला नाही नाही ते ऐकवलं होतं.

तुकडा घेऊन ती झाडाखाली गेली. मिस्त्री तळ्याकडे बघू लागले.

"दुसरं लाकूड हाताशी नव्हतं," ते म्हणाले.

"आणि मी त्या बिचाऱ्याला बोलत होते तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"तिथेच. तुझ्या मागे उभा होतो."

तिला रागवायचं होतं, पण हसूच फुटलं. मागून वन्संही हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईतो. "लहानपणी यानं बाबांची छत्री मोडून धनुष्य केलं होतं," त्या म्हणाल्या. "मार मी खाल्ला."

त्याच दुपारी बायकोनं रंगाऱ्याला फोन लावला आणि माफी मागितली. तो म्हणाला, "मला माहीत होतं वहिनी. साहेबांना मी दार गाडीत ठेवताना पाहिलं होतं. म्हटलं, नवरा-बायकोत भांडण कशाला लावा."

त्यानंतर झाडाखालच्या सूचना बंद पडल्या. वन्संनी गाडीचा जॅक लावून तुळई उचलली. तिच्या शेजारी नवी तुळई घालून दोघींनी बोल्ट आवळले. पाणी निथळावं म्हणून फळ्यांमध्ये कोटाच्या बटणाच्या जाडीइतकी फट ठेवली. पाणसळ ठेवली तर बुडबुडा बरोबर मध्ये.

"मलाही काहीतरी द्या," मिस्त्री अखेर म्हणाले. "नुसता बसून कंटाळलो."

वन्संनी कठड्याचे जुने दांडे आणि पॉलिश पेपर त्यांच्या पुढ्यात टाकला. उठता येत नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या कामाकडे पळायची सोय नव्हती. ते घासत राहिले. रंगाचे थर गेले, खालचं लाकूड दिसू लागलं, तरी हात थांबेना. संध्याकाळी बायकोनं एका दांड्यावरून बोट फिरवलं. कुठे कुसळ म्हणून नव्हतं. दांडा उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून ते पुन्हा पाहत होते. दुकानात काच घासणारा हा माणूस तिला इथे पहिल्यांदाच दिसला. तिनं पुढचे दांडे त्यांच्याजवळ सरकवले.

आठवडाअखेर कठडा बसला. दोघींनी धरून मिस्त्रींना व्हरांड्यात आणलं. ते बराच वेळ दांड्यांवरून हात फिरवत राहिले आणि मग खुर्चीतच त्यांचा डोळा लागला.

दोघी पाण्याच्या काठाशी पाय सोडून बसल्या. वन्सं म्हणाल्या, "उद्या निघते मी."

"राहा ना अजून," बायको बोलून गेली, आणि आपण हे मनापासून म्हणालो याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

वन्संनी पायानं पाणी ढवळलं. "राहते," त्या म्हणाल्या. "पण चहा मी करणार. तुझा फार गोड असतो."