समोरच्या खुर्चीतून

"तिकडे नाही. पांढऱ्यांकडे बस," मास्तर म्हणाले.

"बाबा, आज तरी राहू द्या ना तो नियम."

"नियम हरल्या दिवसासाठीच आहे. जिंकलीस की कुठेही बस."

मुलगी मुकाट्याने उठून पलीकडे गेली. कापड बेतायच्या लांब टेबलावरची कात्री आणि खडू बाजूला सारून मास्तरांनी बुद्धिबळाचा पट मांडला होता. त्यांच्या घरची ही जुनी रीत. हरलेला डाव दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडायचा, आणि हरलेल्याने जिंकलेल्याच्या बाजूने बसायचं. पोरगी शाळेत जात होती तेव्हापासून हे चालत आलं होतं. आता ती ग्रँडमास्टर झाली होती आणि मास्तर होते तसेच शिंपी राहिले होते, पण रीत काही बदलली नव्हती.

काल ती काळ्या मोहऱ्यांनी दिवसभर झुंजून हरली होती. उद्या त्याच सामन्याचा शेवटचा डाव होता आणि आज मधली सुट्टी. सकाळच्या गाडीने ती घरी आली ती सगळं सामान घेऊनच. दारातच म्हणाली, "मी परत जात नाही, बाबा. आजारी आहे म्हणून कळवते. माझ्यात आता ते राहिलं नाही. इथेच राहीन, दुकान बघीन."

"बरं. आधी चहा घे," एवढंच मास्तर म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांना आतून बरं वाटलं होतं. बायको गेल्यापासून दुकान बंद करून वर गेलं की घर खायला उठायचं. पोरगी राहिली तर दोन माणसांचा स्वयंपाक होईल, कुणाशी तरी भांडता येईल. मग या विचाराची त्यांनाच लाज वाटली, आणि त्यांनी पट बाहेर काढला.

मुलगी दोन्ही बाजूंच्या खेळ्या तोंडपाठ सांगत गेली. मास्तर काळी मोहरी हलवत होते.

"हा हत्ती असा का मागे घेतलास?"

"भ्याले."

"बरं."

दारातून शेजारचा सायकलवाला डोकावला. "मास्तर, माझी पँट?"

"संध्याकाळी."

"परवाही हेच म्हणालात!"

"मग? शब्द फिरवला का मी?"

सायकलवाला हसत गेला. मुलगीही हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

वजीर गेले, हत्ती गेले. शेवटी पांढऱ्याकडे राजा, एक उंट आणि दोन प्यादी उरली. एक पटाच्या कडेचं, एक मधलं. काळ्याकडे राजा आणि घोडा. मधलं प्यादं भराभर पुढे निघालं होतं.

"इथे मी डाव सोडला," ती म्हणाली. "एक घोडा दोन्ही प्याद्यांना कुठवर पुरणार?"

"तू सोडलास. मी कुठे सोडलाय? चाल."

"बाबा, उगाच काय!"

"अगं, हरायला तरी पुरतं हरू दे."

तिने सुस्कारा सोडून प्यादं पुढे ढकललं. मास्तरांनी राजा उचलला, थबकले, परत ठेवला. काही सुचत नव्हतं, पण हटून बसायचं एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांची बोटं घोड्यापाशी गेली आणि मुलीने श्वास रोखला.

"काय झालं?"

तिची नजर घोड्यावरच खिळली होती. काल हाच पट तिने पलीकडून पाहिला होता. आता पांढऱ्याच्या जागी बसल्यावर तिला त्या घोड्याची भीती वाटली होती.

"घोडा देऊन टाकला तर..." ती हळू म्हणाली. "या मधल्या प्याद्यावर. मग उरतं कडेचं. ते वजीर होणार त्या कोपऱ्यात, पांढऱ्या घरावर. आणि उंट चालतो काळ्या घरांवरून. काळा राजा कोपऱ्यात जाऊन बसला की त्याला कुणाचा बाप उठवू शकत नाही."

"म्हणजे?"

"बरोबरी, बाबा. मी न हरलेला डाव सोडला."

मास्तरांना वाटलं, हे दाखवायला आपण पट मांडला? याच्यापेक्षा हरलेलं बरं होतं. ते घाईघाईने मोहरी गोळा करायला लागले.

"राहू द्या." तिने त्यांचा हात धरला. "मी डाव सोडला तेव्हा समोरच्याने हात पुढे केला ना, तो बर्फासारखा गार होता. मला वाटलं, हॉलमधल्या गारव्याने. त्याला ही बरोबरी दिसली होती, बाबा! तो माझ्या घोड्याकडेच बघत बसला होता." ती पटाकडे पाहत राहिली. "त्याने नाही हरवलं मला. मी दमले होते."

मग तिने जांभई दिली, आळोखेपिळोखे दिले, आणि कोपऱ्यातल्या कापडाच्या गठ्ठ्यांवर जाऊन आडवी झाली.

"उन्हं कलली की उठवा. संध्याकाळची गाडी गाठायचीय."

"जाणार?"

"उद्या पांढरी मोहरी माझी आहेत," ती डोळे मिटूनच म्हणाली.

मास्तर मशीनवर बसले. त्यांनी पाय पायट्यावर ठेवला, आणि परत काढून घेतला. एका कोटाचं अस्तर मांडीवर घेऊन ते हातानेच टाके घालू लागले. मशीनवर क्षणात होणारं काम दुपारभर चाललं. ती लहानपणी झोपायची तशीच उशाला हात घेऊन झोपली होती.

उन्हं कलली. नाही उठवलं तर गाडी चुकणार, एवढं साधं होतं. मास्तरांनी आणखी एक टाका घातला. मग गाठ मारली, दाताने दोरा तोडला, आणि तिला हाक मारली.