फोटोवरून न ओळखलेला दात

संग्रहालयातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना सगळे ‘दातवाले’च म्हणत. नवं कुणी राहायला आलं की दाढ धरून दारात उभं! मग त्याला समजवावं लागे, की बाबा रे, मी माशांचे दात ओळखतो, तेही लाखो वर्षांपूर्वीचे. माणूस हसत निघून जाई. तो हसेपर्यंत तरी दारात थांबला, याचंच दातवाल्यांना बरं वाटे. बायको गेल्यापासून घर खायला उठत होतं.

अशात लेकीनं फोटो पाठवला. ‘बाबा, समुद्रावर सापडला. कुणाचा हो?’

चष्म्याचीही गरज नव्हती. सडपातळ सुळका, गुळगुळीत कडा, बुडाशी दोन्हीकडे एकेक इवलं टोक. सँड टायगर शार्क. पोत्यानं सापडतात असले. राक्षसी शार्कचा असता तर तळहाताएवढा असता, कडेला करवतीसारखे दाते. पण उत्तर दिलं असतं, तर लेक ‘थँक्यू बाबा’ म्हणून पुन्हा महिनोन्‌महिने गडप झाली असती. त्यांनी फोन लावला.

“फोटोवरून नाही सांगता येत. कडेवरून नख फिरवून बघावं लागतं. तूच घेऊन ये ना.”

दाताबद्दल त्यांनी जन्मात पहिल्यांदा थाप मारली होती.

“बघते,” लेक म्हणाली.

आठवडाभरात कुरिअर आलं. कापसात गुंडाळलेला दात, बस्स. त्यांचं तोंड एवढंसं झालं. सवयीनं नख फिरवलं आणि दात पुन्हा कापसात गुंडाळून ठेवला.

संध्याकाळी तिचाच फोन. “मिळाला? सांगा आता.”

“सँड टायगर.”

“ते मला तिथंच कळलं होतं! बाजूची टोकं बघायला तुम्हीच शिकवलंत ना? बोलायला काहीतरी निमित्त म्हणून फोटो पाठवला, तर तुम्ही म्हणता सांगता येत नाही. वाटलं, डोळे अधू झाले की काय तुमचे. म्हटलं, हातात घेऊन तरी ओळखतात का बघू. शनिवारी येतेय मी. डोळे दाखवून घेऊ.”

रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पाटीवरचा बारीक फोन नंबर दातवाल्यांना खिडकीतून लख्ख वाचता येत होता.

“लगेच परत जाशील?”

“डॉक्टर काय म्हणतात त्यावर आहे.”

“मग खरं सांगतो बाळा,” ते म्हणाले, “हल्ली फारच अंधुक दिसतं गं.”