सोवळं

पहिल्या लॉकडाउनपासून बुइटनव्हेल्डर्ट या आमच्या डच वस्तीतल्या मराठी मंडळींनी मला वाळीतच टाकलं होतं. मी प्राणिसंग्रहालयात वटवाघळांवर संशोधन करते, एवढंच त्यांना पुरलं. ही हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज नावाच्या चिमुकल्या बेटावरची आहेत, फळं खातात, जगात थोडीच उरलीत, हे सांगून माझा घसा बसला. पालथ्या घड्यावर पाणी.

खरं तर भीती आम्हालाच होती. माणसाकडून त्यांना लागण झाली तर? म्हणून आत जाताना मास्क, हातमोजे, आणि साधी शिंक आली तरी घरी बसायचं. जुलैत एका मादीने पिल्लू टाकून दिलं. ते टॉवेलच्या गुंडाळीला चिकटून माझ्या हातून पिचकारीने दूध प्यायचं. दुसऱ्या कुणी पाजायला घेतलं की तोंड फिरवायचं. जगलं तर नाव ठेवू, असं मी ठरवलं होतं.

गणपतीत प्रमोदिनीताईंचा फोन आला. "शर्मिला, आरतीला ये गं. सणावाराला एकटी नको राहूस." इतक्या महिन्यांनी कुणीतरी मायेने बोललं आणि मी विरघळले.

खाली सायकली ठेवायच्या कोठडीत त्यांनी मला कपडे बदलायला लावले. मग थेट बाथरूममध्ये, डोक्यावरून अंघोळ. बाहेर आल्यावर अंगावर गंगाजल शिंपडलं. मयताहून आल्यासारखं. मला संताप आला, पण उकडीच्या मोदकांचा वास येत होता, मी गिळला.

आत दिवाणखाना गच्च भरलेला. मास्क कुणालाच नाही. झांजांचा आवाज जाईल, शेजारची डच आजी तक्रार करेल, म्हणून खिडक्या बंद. ताईंचे यजमान रविकांतदादा आरती म्हणताना सारखे खोकत होते. "धुपाने घसा धरलाय," ते म्हणाले. मला चिडवून मास्क काढायला लावला तो त्यांनीच. "देवासमोर कसला गं मास्क!"

आठवडा संपायच्या आत माझ्या तोंडाची चव गेली. टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि संग्रहालयाचं दार मला बंद झालं. माझी सहकारी मारिके रोज व्हिडिओ कॉल लावून पिल्लाला पाजायला बघायची. ते तोंड फिरवायचं. माझा आवाज ऐकला की टॉवेल सोडून फोनकडे सरकायचं, काचेला नाक लावायचं. एके सकाळी मारिकेने कॉलच लावला नाही. मी इकडे बंद घरात गुरासारखी रडले.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. "ऐकलं गं. रविकांतचीही पॉझिटिव्ह आली. शेवटी तुझ्या वटवाघळांनी दिलंच ना आम्हाला?"

"ताई, दादा आधीपासून खोकत होते. मला तुमच्या घरून लागलं."

"आमच्या घरून?" त्यांना मनापासून राग आला होता. "काहीतरीच काय! अंघोळ केल्याशिवाय तुला आत तरी घेतलं का?"