तेरा साते

‘यंत्र कधी चुकत नाही, चुकतो तो माणूस’ — हेडमास्तर हैबतरावांनी हे वाक्य संगणकाच्या खोलीत निळ्या रंगाने लिहून घेतलं होतं. फक्त रंगाऱ्याला भिंत पुरली नाही आणि ‘माणूस’ खिडकीच्या झडपेवर गेला. झडप उघडली की माणूस बाहेर जाई. म्हणून — कारण धुळीचं सांगितलं होतं — खिडकी कायम बंद.

इलाही मास्तर पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्याकडे बघत उभे होते. ठिपका उघडझाप करत होता, त्याच्या आधी १३ × ७, आणि समोर अनवाणी बसलेली गोजरा. (चपला बाहेर, यंत्राचा मान.) तिनं तिसऱ्यांदा ९१ दाबलं. यंत्रानं तिसऱ्यांदा भोंगा वाजवला. बरोबर उत्तर आल्याखेरीज ते पुढचं गणित देत नसे, चाळीस गणितं झाल्याखेरीज जागेवरून उठायचं नाही आणि स्कॉलरशिपच्या यादीत नावही नाही, आणि यादी आज दुपारच्या एस.टी.नं तालुक्याला, पौडला जायची होती.

उत्तर ९१च होतं. यंत्रात ९२ होतं. ते घातलं कुणी... तर पुण्याला दहा दिवस शिकून आलेल्या इलाही मास्तरांनी, स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटानं.

हे त्यांना परवा कळलं, वर्ग एका सुरात ‘तेरा साते ब्याण्णव’ म्हणत होता तेव्हा. सत्तावीस पोरं, कुठं अडखळणं नाही, ऐकून ऊर भरून यावा असं पाठांतर — आणि तो आलाही होता, अर्धं मिनिट. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण हैबतरावांनी संस्थेला कळवून टाकलं होतं की पाढे आता यंत्राच्या हवाली केलेत. आणि पिरंगुटच्या बसमध्ये लोक इलाहीला उठून खिडकीची जागा देऊ लागले होते, ज्याला कालपरवापर्यंत ‘बाबालाल शिंप्याचा’ एवढंच म्हणत... बाबालाल. तोंडात टाचण्या धरून माप घेणारे अब्बा. ‘बोटभर चुकलास इलाही, तर गिऱ्हाईक जन्मभर खांदा उडवत फिरंल.’ टाचण्या असताना इतकं स्पष्ट कसं बोलत, कुणास ठाऊक. मी सत्तावीस सदरे चुकीचे बेतले, अब्बा, आणि सगळे ते घालून खुशाल फिरतायत, एकाचाही खांदा उडत नाही... एक ही सोडली तर.

“गोजरा, पुन्हा करून बघ.”

“केलं की गुरुजी. बोटावर केलं, भाईर खडं मांडून बी केलं. एक्क्यान्नवच हुत्यात.”

“आणि यंत्र काय म्हणतंय?”

गोजरानं पडद्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “त्याला कुनी नीट शिकिवलं न्हाई वाटतं.”

दारात रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. मास्तरांच्या पाठीवरून घामाचा एक ओघळ हिशेबशीर खाली उतरला. खोलीत हवा नव्हती; गेल्या दोन दिवसांत कधीच नव्हती, हे त्यांना आत्ता जाणवलं. सांगायचं. रांगेसमोर, हैबतरावांसमोर, उद्या बसमध्ये उभं राहून जावं लागलं तरी... हात आपोआप खिडकीच्या कडीवर गेला, कडी गंजली होती पण हलली, आणि झडप बोटभर उघडली —

“बाळ, ऐक,” ते म्हणाले, “ते यंत्र —”

“ऱ्हाऊ द्या, गुरुजी. दाबते ब्यान्नव,” गोजरा म्हणाली. “निस्तं पानी प्यायला जाऊ द्या.”