मंजूला कुणीतरी खो दिला

लातुरात राहायचं आणि पोरीला शाळेत घालायचं नाही, हे ऐकूनच लोक हसायचे. ज्या शहरात लांबलांबून मुलं खोल्या करून शिकायला येतात, मेसचे डबे खातात, त्या शहरात रविकिरणने आपल्या मुलीला, मंजुश्रीला, दुसरीतून काढून घरी आणलं होतं. आता ती नऊ वर्षांची झाली होती.

त्याचं सगळंच चुकलं होतं असं मुळीच नाही. वर्गात अडुसष्ट पोरं. पाढ्यात दोनदा चुकली म्हणून बाईंनी तिला तासभर दाराबाहेर उभं केलं होतं. बापाचं काळीज पेटणारच! रविकिरण एका कंपनीचं संगणकाचं काम घरूनच करायचा. तो म्हणाला, "मीच शिकवतो. पुढं मुक्त विद्यालयाची परीक्षा देईल." आणि त्याने मनापासून शिकवलंही. मंजूला अपूर्णांक यायचे, पक्षी ओळखता यायचे, ग्रहांची अंतरं तोंडपाठ होती. पाहुण्यांसमोर ती सगळं घडाघडा म्हणून दाखवायची आणि रविकिरणची मान ताठ व्हायची.

बायको सिंधु सकाळी नऊला बँकेत जायची. जाताना रोज एकच प्रश्न टाकायची.

"दिवसभर पोरगी कुणाशी बोलते हो?"

"माझ्याशी."

"तुमच्या तर कानात हेडफोन असतात."

ते खरं होतं. मंजूच्या ओळखीची माणसं पुष्कळ होती, पण सगळी मोठी. भाजीवाल्या मावशी, इस्त्रीवाले काका, खालच्या मजल्यावरचे निवृत्त तलाठी. संध्याकाळी गल्लीतली पोरं ट्यूशनला जायची, खेळायला कुणीच नसायचं. दुपारी शाळेच्या रिक्षा परतायच्या तेव्हा मंजू गॅलरीत येऊन हात हलवायची. रिक्षावाले काका हात हलवायचे. आतली पोरं आपापल्या भांडणात असायची.

जूनमध्ये सिंधुने जवळच्या एका शाळेचा प्रवेशअर्ज आणून टेबलावर ठेवला. सोमवार शेवटचा दिवस. "या वर्षी नाही झालं तर मग ती कधीच जाणार नाही, एवढं लक्षात ठेवा," ती म्हणाली. रविकिरणने अर्जावर लॅपटॉप ठेवला.

शुक्रवारी त्याचं औशाला तहसीलमध्ये जमिनीच्या मोजणीचं काम निघालं. मंजूला त्याने जवळच्याच आपल्या गावी, थोरल्या बहिणीकडे सोडलं. बहिणीचं नाव मल्लम्मा. चौथी शिकलेली ही बाई गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत वीस वर्षं खिचडी शिजवत होती. "घरी एकटी काय करती गं? चल माझ्यासंगं," म्हणत ती मंजूला शाळेतच घेऊन गेली.

दुपारी रविकिरण शाळेच्या कुंपणाशी आला तेव्हा खिचडी वाटून झाली होती आणि मैदानात खोखो रंगला होता. मंजू रांगेत उकिडवी बसली होती. खोखोचे सगळे नियम तिला पाठ होते, त्यानेच पुस्तकातून शिकवले होते. एवढ्यात अंजू नावाची एक काटकुळी पोरगी पळत आली, तिने मंजूच्या पाठीवर जोरात थाप मारली आणि ओरडली, "खो!"

मंजू उठलीच नाही. तशीच बसून राहिली. पोरं ओरडायला लागली, "ऊठ की! अगं पळ की!" आणि मंजूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

रविकिरण कुंपणातून आत धावला. "कोणी मारलं? का मारलंस गं तिला?" अंजू बिचारी जागच्या जागी थिजली. त्याने मंजूला उचललं, गाडीत नेऊन बसवलं.

"लागलं का बेटा?"

"नाही."

"मग रडलीस का?"

"मला वाटलं, मागच्या कुणाला तरी बोलावतेय," मंजू हुंदके देत म्हणाली. "मला बोलावलं होतं, बाबा. मी गेलेच नाही."

रविकिरणने तिचा सीटबेल्ट लावला. तो गाडीबाहेर आला तर समोर पदराला हात पुसत मल्लम्मा उभी.

"कुठं निघालास?"

"घरी. बघितलंस ना अक्का? म्हणूनच मी शाळा नको म्हणतो. शाळेनं काय होतं ते मला विचार. अकरावी-बारावीची दोन वर्षं लातूरला मी कशी काढली, माझं मला माहीत."

"हाव, काढलीस. पर कुठं काढलीस? खोलीत काढलीस!" मल्लम्माचा आवाज चढला. "दारात डबा यायचा, तू खायचास, पुन्हा वाचत बसायचास. दिवाळीला आलास तवा घरच्या मानसांशी बोलायचं इसरला होतास. अव्वा लई रडली होती रे. तुझं दुखणं शाळेचं न्हाई, रवी, त्या खोलीचं हाय. अन् पोरीला तू तीच खोली देऊन राहिलास. फकत एसी लावलास!"

ती दोन वर्षं रविकिरणने कधी कुणाला, अव्वा म्हणजे आईलाही, सांगितली नव्हती. रविवारी मेस बंद असायची, तेव्हा दिवसभरात एक शब्दही तोंडातून निघत नसे. लेकीला त्यातून वाचवायचं म्हणून तर हा सगळा खटाटोप!

"आणि बाईंनी तिला बाहेर उभं केलं, त्याचं काय?" त्याने कसंबसं विचारलं.

"त्याच्यापायी जाऊन भांड की! म्या येते संगं. तुला शिकवायला येतं, बोलायला येतं, तूच शाळा सोडून घरी बसलास तर ज्यांच्या मायबापाला बोलता येत न्हाई त्या लेकरांचं कोण बघायचं? घरी शिकव, लई शिकव. म्या न्हाई म्हणत न्हाई. पर लेकराला लेकरू लागतं, बाबा. ते तुझ्या पुस्तकात न्हाई."

रविकिरणने गाडीचं दार उघडलं. "मंजू, डाव अजून चालू आहे. जातेस?"

मंजूने डोळे पुसले. "मला घेतील?"

"विचार की."

"कसं विचारायचं?"

शनी सूर्यापासून किती लांब, हे सांगणाऱ्या पोरीने विचारलं, मला खेळायला घेता का, हे कसं विचारायचं! आणि खरं सांगायचं तर ते रविकिरणलाही सांगता येईना. तो आधी अंजूकडे गेला आणि म्हणाला, "चुकलं माझं. तू काही केलं नव्हतंस." अंजूने त्याच्याकडे जेमतेम पाहिलं आणि गाडीच्या दिशेने हाक मारली, "ए, येती का? आमच्यात एक गडी कमी हाय!"

मंजू पळत गेली. बाप मैदानाच्या कडेला एकटा उभा राहिला. आपण इथे कुणालाच नको आहोत, हे त्याला पहिल्यांदा बरं वाटलं. सोमवारी त्याने स्वतः जाऊन अर्ज भरला.

आता दुपारी घर सुनं असतं. जेवताना त्याला चुकल्यासारखं होतं. तो अजूनही संध्याकाळी तिला शिकवतो, आणि चार पालकांना घेऊन नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटलाही. मुलांना वर्गाबाहेर उभं करायचं नाही, असं पालकांनी बैठकीत त्यांच्याकडून लिहून घेतलं.

महिनाभराने एक दिवस मंजू रडतच घरी आली. "आरतीने माझ्याशी कट्टी घेतली!"

रविकिरणने लगेच फोन हातात घेतला. वर्गातल्या आरतीच्या वडिलांचा नंबर होता त्याच्याकडे. त्या दिवशी सिंधु घरीच होती. तिने नुसती 'नको' अशी मान हलवली. त्याने फोन खाली ठेवला.

"मग आता काय करणार?" त्याने विचारलं.

"उद्या मीच आधी बोलणार," मंजू नाक ओढत म्हणाली. "नाहीतर डबा कुणासोबत खायचा?"

मित्रहो, मुलांना घरी शिकवावं की शाळेत, यावर वाद जरूर घाला. शाळांमध्ये सुधारायला पुष्कळ जागा आहे, आणि ते कामही आपलंच आहे. पण आपल्या जुन्या भीतीपायी लेकरांना चार भिंतींत ठेवून त्याला माया म्हणू नका. अक्षरं आईबाप देतील, गुरू देतील. कट्टी घ्यायला मात्र बरोबरीचंच कुणीतरी लागतं.