नववीचे बावन्न टक्के

भिंगरीला नववीत बावन्न टक्के पडले होते, दहावीत अठ्ठावन्न. बारावीत मात्र शहाण्णव. एका जागी बसायची नाही म्हणून लहानपणी पडलेलं ते नाव अजून चिकटून होतं. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या आईच्या मशीनपाशी तेवढी ती तासन् तास बसे.

कॉलेजच्या अर्जात एक रकाना होता : ‘आधीचे गुण कमी असल्यास कारण लिहा.’ शाळेतल्या मार्गदर्शक सरांनी मायलेकींना बोलावलं.

“घरातलं आजारपण लिहा,” सर म्हणाले. “आई अंथरुणाला खिळली होती, असं काहीतरी. नाहीतर दारातूनच परत पाठवतील.”

“मी? अंथरुणाला?” आई म्हणाली. “सर, मला साधी सर्दी होत नाही हो!”

भिंगरीने पेन घेऊन त्यांच्यासमोरच लिहिलं : ‘कोणी आजारी नव्हतं. न समजलेलं पाठ करून लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. समजायला दोन वर्षं लागली.’

“स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेयस,” सर म्हणाले.

“पाय माझाच आहे, सर.”

तरीही मुलाखतीचं बोलावणं आलं. टेबलापलीकडे प्राचार्यबाई आणि पदार्थविज्ञानाचे म्हातारे प्राध्यापक. प्राचार्यबाईंनी नववीच्या गुणपत्रिकेवर बोट ठेवलं.

“हे बघून आम्ही तुला का घ्यावं?”

“ते बघून घेऊच नका. ती मुलगी आज आलेली नाही. मला विचारा.”

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुढे केला. “कडेने पाहिलं की यातून रंग दिसतात. का?”

भिंगरी उठून खिडकीपाशी गेली. चौकटीच्या उभ्या कडेसमोर तिने एक काच धरली आणि हळूच सरकवली.

“काच उजवीकडे नेली की कड डावीकडे पळते. म्हणजे काच मधे फुगीर आहे. कडेला ती लोलकासारखं काम करते, प्रकाश फोडते.” ती परत टेबलापाशी आली. मग चष्मा त्यांच्या नाकावर ठेवून तिने नीट निरखलं. “पण सर, काचेचा मध्य तुमच्या बाहुलीसमोर नाही. नाकाकडे सरकलाय. समोर बघतानाही रंग दिसत असतील, आणि वाचून डोकं दुखत असेल.”

“वर्षभर दुखतंय,” प्राध्यापक पुटपुटले. “कुठल्या पुस्तकात वाचलंस?”

“पुस्तक नंतर वाचलं. आधी काचा घासल्या.”

प्राध्यापक हसले. प्राचार्यबाईंना मात्र हसू आलं नाही. तिचं नाव प्रतीक्षा यादीत चौथं लागलं. मार्गदर्शक सर भेटले तेव्हा “सांगितलं होतं मी,” एवढंच म्हणाले. वाट बघण्याच्या तीन आठवड्यांत भिंगरी दोनदा रडली, दोन्ही वेळा मशीन चालू करून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पण अर्ज बदलायला ती तयार झाली नाही. आईनेही तसं सांगितलं नाही.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी कॉलेजातून फोन आला. भिंगरी पोचली तेव्हा प्राचार्यबाईंनी कागद पुढे सरकवला.

“प्राध्यापकांनी हट्ट धरला म्हणून घेतेय. अट एकच. पहिल्या सत्रात सत्तरच्या खाली आलीस तर बाहेर.”

“आणि वर गेले तर?”

बाईंनी पेन पुढे केलं. “तर काय? शिकत राहशील.”

“मग चालेल,” भिंगरी म्हणाली आणि तिने सही केली.